मुका मार

मंडईच्या आठ दिवस आधी
मुखरू मॅनेजर आला वडशाहून, मोटारसायकलवर,
मागं ढेंगरे मास्तर, मास्तरांच्या काखेत पुस्तक.
"कवडू, औंदाच्या नाटकात चीनचा सेनापती हाये.
तलवार नोको. हे पाय."

मी भाता ओढत होते.
धुरातून मान लांब करून पाहिलं:
चौकोनी, निमुळती, हातभर लांब,
पेरापेराची,
जणू आमच्याच जंगलातला बांबू
कुणी लोखंडात बुडवून वाळत टाकलेला.
बाबानं चित्रावरून अंगठा फिरवला,
चित्रावरही, सवयीनं.
"हिले धार कुठं हाये जी?"

"नाहीच," मास्तर म्हणाले.
"मंग कापते कशी?"
"कापत नाही."
आणि ऐरणीजवळच्या ठोकळ्यावर बसून
सांगू लागले हजार वर्षांपूर्वीचं,
घोडेस्वारांचं, डोक्यापासून टाचेपर्यंत
लोखंडी खवले पांघरलेल्या.
तलवार त्यांच्यावरून घसरायची
जशी मरळ माशावरून ओली सुरी.
मग हिचा एक घाव खांद्यावर.
चिलखत तसंच, अखंड.
आत हाडाचा भुगा.

बाबा विळ्याला पाणी देत होता, थांबला.
"म्हंजे मुका मार."
मास्तरांनी पुस्तकातून वर पाहिलं.
"हो," म्हणाले, "मुका मार."

पुढच्या पानावर काठीच्या टोकाला सोनेरी भोपळा,
राजाच्या स्वारीपुढं मिरवायचा.
आई हसली, "आमच्या मांडवावरचा दिसते."
त्यांच्याही नाटकांत म्हणे एक राजा आहे,
स्वतःच्या हातानं हे हत्यार देऊन सांगतो:
लबाडाला मार, राजघराण्यातला असला तरी मार.
मुखरू म्हणाला, "बरं झालं, आपल्या नाटकात तो सीन नाई."

बाबानं भोपळा केला नाही, पुठ्ठाही नाही.
ट्रॅक्टरचा मोडका आस होता, तो घातला भट्टीत.
तीन रात्री.
नऊ पेरं काढली, चारही बाजू काढल्या,
कडा मुद्दाम मारून टाकल्या,
आयुष्यभर ज्या काढल्या त्याच.
साडेचार किलो भरली कोंडूच्या काट्यावर.

तालमीत नीलकंठनं ती उचलली,
रेशन दुकानातला नीलकंठ, आमचा सेनापती,
पहिल्या वाक्याला खांद्यावर,
दुसऱ्याला कमरेवर,
तिसऱ्याला स्टेजच्या फळीतून आरपार.
हार्मोनियमवाला उडी मारून बाजूला झाला.
मुखरू ओरडला, साऱ्या गावासमोर:
"नाटकाचं सामान मांगतलं होतं बे!
डोक्यात ऐरण भरली काय तुह्या?"
लोक हसले. पोट्टे जास्त हसले.

बाबानं वाकून फळीतून ती काढली,
धोतराच्या सोग्यानं पुसली,
सुताराला म्हणाला, फळीचे पैसे मी देतो.
चेहऱ्यावर काही नाही.
चिलखत तसंच.

नाटक झालं, भोपळ्यावर चंदेरी रंग मारून.
पहाटेपर्यंत माणूस हललं नाही म्हणतात.
आम्ही गेलो नाही.
त्यानंतर बाबा कुणाच्या विळ्याला नाही म्हणाला नाही,
पण मुखरूच्या घराकडून जाणारी वाट
त्यानं तळ्याकडून घेतली, सदाची.

आईनं त्या वर्षी तिनंच मोहाची टोरी फोडली.
एकदा तिनंच गोठ्याची खुंटी ठोकली.
मग दाराचा अडसर कुजला,
आणि कोंड्यात ती अशी बसली
जणू मापच घेतलं होतं.
मास्तरांना दाखवलं तर चष्मा पुसत म्हणाले,
तिकडं नवीन वर्षाला दाराच्या दोन फळ्यांवर
दोन योद्ध्यांची चित्रं लावतात, राखणीला.
एकाच्या हातात हीच असते.
"कवडूला सांगा."
सांगितलं. बाबा म्हणाला, "अस्सं."

आता माहेरी जाते तेव्हा
रात्री खाटेवरून विचारतो, "लावली का वो?"
मी म्हणते, लावली.
अंधारात बोटांनी पेरं मोजते, नऊ.
आठवं थोडं वाकडं आहे.
त्या रात्री मला डुलकी लागली होती
आणि भाता सैल पडला होता.
त्याला माहीत आहे.