ळ

दीड महिन्यानं घणसोलीच्या लॅबचं कुलूप निघालं.
एकोणीस मशीन,
जुन्या पडद्यांच्या टोप्या घालून बसलेली,
अकरा नंबरच्या सीपीयूत पालीची अंडी.

मी बटणं दाबत गेले.
बारा उठली. तीन कण्हली, पुन्हा निजली.
उरलेल्यांचं दिवाळीनंतर बघू.
रजिस्टरात लिहिलं : सर्व चालू.
हेडबाईंनीही वर पाहिलं नाही.

सहावी ब आली, चपला बाहेर,
एका खुर्चीत दोघी, कुठे अडीच.
फळ्यावर मी लिहिलं, ‘स्वतःचं नाव टाइप करा.’
पहिल्या दिवशी तेवढंच.

तळवलीची एक थांबली.
पडद्यावर : धनश्री मोक
‘बाई, माझं बटणच नाहीये.’
खरंच. गेल्या वर्षी कुणीतरी उपटून नेलेलं,
तिथे नुसतं रबराचं बोंड.

राहू दे गं, मी म्हटलं, कळलं मला.
‘पण मोक म्हणजे काहीच नाही ना, बाई.’

मग तिनं केसांतली पिन काढली,
शिफ्टवर शेजारणीचं बोट ठेवलं
आणि बोंडावर टोचलं.

ळ

पुन्हा टोचलं. ळळळळ,
ओळ संपेपर्यंत.
मी पुसायला सांगितलं नाही.