दुसरी रेघ

इनेझ पाच वर्षांची. माझी नोकरी नऊ जूनपासून.
शाळा सप्टेंबरात.
मधले बारा आठवडे कुणाच्या पदरात टाकायचे,
डुलूथच्या नकाशावर कुठेच लिहिलेलं नाही.

उन्हाळी शिबिरं जानेवारीतच भरली,
फोनवरची बाई गोड आवाजात सांगते.
जानेवारीत आम्ही अल्बुकर्कीला होतो,
लग्न अजून मोडायचं होतं.
प्रतीक्षायादीत आमचा नंबर एकेचाळीस.

शाळेचं मात्र जमलं. चढावरची, विटांची,
सुट्टीमुळे बंद. स्वेटर घालून, जूनमध्ये,
आम्ही काचेला नाक लावून आत पाहिलं:
बाकांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या,
एक विसरलेला लाल हातमोजा.
कुणाचा गं तो?
इनेझनं घरी येईपर्यंत तीनदा विचारलं.

मग चर्चच्या तळघरात एक पाळणाघर निघालं,
तीनपर्यंतच. माझी ड्यूटी सुटते साडेतीनला.
अर्ध्या तासाला एवढं वजन असतं, माहीत नव्हतं.
अर्जावर दोन रेघा:
आईशिवाय मुलीला नेऊ शकतील
अशा स्थानिक व्यक्तींची नावं.
पहिल्या रेघेवर मी स्वतःचंच नाव लिहिलं,
खोडलं.

खाली धुरावलेले मासे विकणारा आर्विड,
आमचा घरमालक. त्याच्याशी आजवर
फक्त गळक्या नळाबद्दल बोलले होते.
त्यानं एप्रनला हात पुसले, पेन मागितलं,
आडनाव अवघड आहे म्हणाला, आणि स्वतःच लिहिलं.
अर्जाला अजून माशाचा वास येतो.

दुसरी रेघ कोरी आहे.
इनेझ म्हणते, ज्याचा तो हातमोजा आहे ना,
त्याचं लिही.