ढगात गेलेला गोटा

माखल्याच्या धारेवर ढग असा उतरतो
की माळ्याचे चारही खांब पुसले जातात
आणि फुलकाय बेठेकर नुसतीच वर बसलेली राहते,
मांडीशी गोट्यांची टोपली.
खाली मका. मक्यात पोपट.
दिसत काहीच नाही.

मी पक्षी मोजायला आलेलो. रोजंदारीवर.
वनखात्याची वही, सुतळीनं बांधलेलं पेन.
तिनं भाजलेलं कणीस मोडून अर्धं दिलं,
तर आपणही काही द्यावं म्हणून
माझ्याकडं होती ती एका पक्ष्याची गोष्ट दिली:

पृथ्वीच्या पार पाठीमागं
असेच डोंगर, याहून कितीतरी उंच,
बारा महिने ढगात बुडालेले.
झाडांना शेवाळाच्या दाढ्या.
तिथं एक पोपट आहे. हिरवाच.
फार थोड्यांनी पाहिलेला.
घरटं कुठं करतो, मला सांगता येणार नाही.
मराठीत त्याला नाव नाही.

ती दातांनी दाणे सोलत ऐकत होती.
“कोनाचं वावर खाते तो?”
कुणाचंच नाही. रानातली फळं.
“मंग हाकलते कोन त्याले?”
कुणीच नाही.
“अन् नाव नाई म्हनता?”
नाही.
“म्हंजे शिवीबी नसन देली कोनं अजून.”
हसली. ते हसू मला फक्त ऐकू आलं.

झाडं तोडताहेत तिथंही, मी म्हटलं.
यावर ती काही बोलली नाही.
बुरकुंड खाली टाकलं,
ते बऱ्याच वेळानं कुठंतरी पडलं.

“दिसत नाई, त मोजता कसे?”
आवाजावरून.
“मीबी तसंच मारते.”

मग उठली.
गोफण डोक्याभोवती तीनदा घुमली,
एक दोरी सुटली, फट्ट,
गोटा गेला.
आम्ही दोघं थांबलो.
पडल्याचा आवाज आलाच नाही.
थवा तेवढा उठला, सगळा गलका
कुणी ओढत नेल्यासारखा
आमच्या डोक्यावरून पलीकडं गेला,
पंख एकही नाही.

वहीत लिहिलं: पोपट, आवाज, अंदाजे चाळीस.
शेऱ्याचा रकाना तसाच राहिला,
कागद ओला, पेन उमटेना.

“गोटा लय दूर गेला वाटते,” फुलकाय म्हणाली,
आणि टोपलीत चाचपत
पुढचा निवडायला लागली.
जरा लहानसा.