दारफाळणी

आज दारफाळणी.
पांढरी साडी काढली, घडीचा वास असलेली,
आतून कडी घातली.
आजच्या तिथीला चाळीसगावात
असं लागलेलं हे एकच दार.

बाबा गार्ड होते, धुळे पॅसेंजरवर.
तेव्हा स्टेशनामागं आमची चार घरं होती,
आता एक. आणि त्या एकातही
देव न मानणारी बाई :
केतुरा हनोख झिराडकर,
विज्ञान, आठवी ते दहावी, निवृत्त.

जनगणनेच्या मुलानं धर्म विचारला.
ज्यू म्हटल्यावर त्यानं भिंतीवर येशू शोधला,
नाही म्हटल्यावर, मशीद कुठली.
तेही नाही, तर म्हणाला, ‘इतर’मध्ये टाकतो, मॅडम.
म्हटलं, देवही मानत नाही मी, त्याचा रकाना कुठला?
त्यानं पेनाला टोपण लावलं
आणि पाणी मागितलं.

ठाण्याचे शलोममामा फोनवर म्हणतात,
न मानायचं तर मनात, गावभर कशाला?
लोदची बहीण म्हणते, इकडे ये गं,
तुझ्यासारखे इथं बसच्या बसभर आहेत.
(म्हणजे तिथंही मी रांगेतच.)

आणि मंडळाचे देवरे सर, आमचे विवेकवादी,
मागच्या वर्षी दुसऱ्या दिवशी भेटले, दुखावलेले :
उपास? तुम्ही? चिकित्सा कुठं गेली?
त्यांच्या घरी श्रावणात कानबाई बसते.
बायकोची आहे, म्हणतात.
मला बायको नाही
पुढं करायला.

एक सुपडाबाई चौधरी तेवढी खूश.
कोकणात आम्ही तेल गाळायचो, शनिवारी घाणा बंद,
म्हणून शनिवार तेली, हे बाबांनी तिला सांगितलं होतं.
‘मंग तू ते आमनीच शे!’ म्हणाली,
आणि तेव्हापासून हक्कानं भांडते.
आज सकाळपासून तीनदा कडी वाजवली :
‘बाई, तू देव मानस नई,
मंग उपाशी कोनाकरता ऱ्हास?’

आज बाहेरच्याशी बोलायचं नसतं.
नियम करणारा मी मानत नाही,
नियम मात्र आईच्या आवाजात येतो,
शेगडी विझवतानाच्या.
प्रार्थना येतात मला, पाढे येतात तशा,
एकोणतिसाला मध्येच अडखळत.
दुपारी म्हणून पाहिल्या.
कोणी ऐकत नव्हतं, हे मला ठाऊक होतं,
तरी चुकलं तिथं मागं जाऊन
पुन्हा म्हटलं.

दिवेलागणीला गच्चीवर गेले.
तीन तारे दिसले की सोडायचा.
पश्चिमेला पहिला लकाकला,
बाबांनी मोजला असता, त्यांना भूक फार.
पण तो शुक्र. ग्रह. आठवीचा धडा.
मोजला नाही.

मग डोक्यावर अभिजित.
मग श्रवण.
मग गिरणेकडून ढग.

खाली उंबऱ्याशी झाकलेलं ताट :
कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा दिसत नव्हता पण असणारच.
शेजारी सुपडाबाई मान वर करून उभी,
तीही जेवलेली नसावी.
‘तो दख, बाई! तो!’
तिनं बोट केलं. लाल, हळूहळू सरकणारं.

विमान, मी म्हटलं.
आजचा पहिला शब्द.