उत्तरेची बाजू

साडेतीनशे डॉलरला घेतला तो कॅम्पर.
त्यातले पन्नास ओइवाने परत माझ्या हातावर ठेवले,
म्हणाला, घाण तूच उपसणार आहेस ना.
नऊ वर्षं त्याच्या कोंबड्या त्यात राहत होत्या.
मी एकवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात.
कुठला वास जास्त चिवट,
माझ्या भावाने, रेइनोने, अजून सांगितलेलं नाही.

मे महिना. हॅनकॉकच्या उतारावर
कुंपणाच्या सावलीत बर्फ अजून काळा पडून बसलेला,
तेव्हा मी पहिला स्क्रू काढला.
स्क्रू आला.
मागोमाग भिंत आली.

लाकूड असं नव्हतंच आत.
लाकडाची आठवण होती, ओली,
बोट लावलं की चहातल्या बिस्किटासारखी
खाली बसणारी.
रेइनो म्हणाला, विकून टाक.
मी म्हटलं, कोणाला? कोंबड्यांना?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय,
पण इथे अंथरूणच सहा फूट बाय चार
आणि त्याच्याखाली उंदरांचा संसार,
विस्कॉन्सिनचा नकाशा कुरतडून मऊ केलेला.
मिलवॉकी पूर्ण गेलं होतं.
आमच्या बाजूचा किनारा तेवढा त्यांनी ठेवला होता,
कदाचित चवीला थंड लागला असेल.

प्लायवुड मिळालं चर्चच्या जुन्या स्टेजचं.
त्यावर अजून खडूने आखलेली खूण,
तीन राजांपैकी मधल्याने कुठे उभं राहायचं त्याची.
आता तिथे माझा स्टोव्ह उभा राहतो.
बिजागऱ्या शेजारणीच्या, पडदे शाळेच्या ॲप्रनचे,
छताला लावायचं डांबर मात्र नवंकोरं घ्यावं लागलं,
एकेचाळीस डॉलर,
त्या आठवड्यात आम्ही दोघांनी फक्त सलगम खाल्ले.

जूनमध्ये खिडकीखालचा पत्रा सोडवला
तर आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेलं:
गुरुवार. आणखी चार, मग जेवण. डेल्फीन.

कारखान्यातली असणार कोणीतरी.
आणखी चार काय? खिळे? खिडक्या? कॅम्पर?
मी त्या फळीसमोर हातोडा धरून
बराच वेळ नुसती बसले.
माझ्याही एकवीस वर्षांत दर गुरुवारी
आणखी चार ट्रे असायचे,
मी कुठेच लिहिलं नाही.
फळी कुजली नव्हती. एवढी एकच.
तिच्याखाली मी लिहिलं:
आजवर सहाशे बारा डॉलर. छप्पर अजून गळतं. व्हर्ना.
आणि पत्रा परत ठोकला.

रंगाचं असं झालं.
हार्डवेअरवाल्याकडे मागच्या दारापाशी एक फळी असते,
चुकून कालवलेले, लोकांनी नाकारलेले डबे,
डब्याला तीन डॉलर.
एक कोणाच्या तरी बाळाच्या खोलीचा पिवळा,
एक बँकेचा करडा,
एक हिरवा, ज्याचं झाकण उघडून
दुकानदारानेच तोंड फिरवलं.
तिन्ही बादलीत ओतून फळकुटाने ढवळत राहिले.
काय तयार झालं त्याला नाव नाही.
रेइनो म्हणाला, वाटाण्याचं सूप, दुसऱ्या दिवशीचं.
ओइवा कुंपणापलीकडून बघत राहिला, मग म्हणाला,
कोंबड्यांना आवडला असता.

पॉलिश पेपरने घासून घासून खांदा निकामी झालेला,
म्हणून डाव्या हाताने रंगवलं.
जवळून पाहाल तर कळेल, रेघा सगळ्या
उलट्या बाजूला झुकतात.

तीन बाजू झाल्या आणि बादलीचा तळ दिसला.
चौथीसाठी तसाच रंग पुन्हा कालवणं
देवालाही जमणार नाही,
आणि तीन डॉलरही नव्हते.

मग ऑगस्टमध्ये नेला, बारा मैल, सुपीरियरच्या काठाला,
आणि न रंगवलेली बाजू
देवदारांकडे तोंड करून लावली.
रात्री पाऊस आला. स्टोव्हच्या वर, अगदी
त्या मधल्या राजाच्या जागेवर,
एक थेंब. मग थोड्या वेळाने एक.
मी उठून पातेलं ठेवलं.
रेइनो अंधारात म्हणाला, आणखी किती?

मी म्हटलं, चार.