मसुदा क्रमांक तीन

शिंत्रे साहेबांनी एकशे बारा शब्द दिले,
म्हणाले, शुक्रवारपर्यंत मराठी करा.
सोपं हवं, मुकादमालाही कळेल असं,
आणि शासकीयही वाटलं पाहिजे.

रात्रपाळीला नियंत्रण कक्षातले फोन गप्प असले
की मी वही काढते.
धोका आणि जोखीम यांत आठवडाभर अडले होते.
इब्राहिम परकारनं सोडवलं, वायरलेसच्या टेबलावरून,
चहात खारी बुडवताना:
"पोटमाळ्याची तुळई कुजली, हा धोका.
तिच्याखाली कोण झोपतं ते विचारलंस, की जोखीम."
मी तसंच लिहिलं. साहेबांनी खोडलं.
तिथे अडीच ओळींचं वाक्य आलं.
त्यात तुळई नव्हती,
झोपणारंही कोणी नव्हतं.

रंगीत तालीम मात्र मंजूर झाली,
नाटकवाल्यांकडून उसनी आणलेली.
डिसेंबरात केलीही एकदा, शाळेच्या पटांगणात,
स्ट्रेचरवर आमचाच शिपाई,
कपाळाला कुंकवाचं रक्त, हसू दाबत पडलेला.
सतरा मिनिटांत सगळे वाचले.

मग माघात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना,
माझगावची जेठा मॅन्शन.
इमारत कोसळली, असं आम्ही लिहितो.
फोनवरची बाई म्हणाली, बसली.
आमची बिल्डिंग बसली हो, मागच्या अंगानं.
जिने चढून दमलेलं माणूस बसावं तशी.

मला रहिवाशांची यादी घेऊन पाठवलं.
यादीत एकोणीस कुटुंबं, तीन मेलेली माणसं
आणि एक जण, जो दुबईला होता.
अग्निशमनवाले, पोलीस, गॅसवाले, वीजवाले,
प्रत्येकाचा वायरलेस वेगळ्या भाषेत खरखरत होता
आणि समन्वय हा शब्द
माझ्या पिशवीत घडी घालून पडला होता.

दुपारी वारंग फायरमननं हात वर केला.
क्रेन थांबली. जनरेटर थांबला.
गल्लीच्या तोंडाशी हॉर्न थांबले,
बोलणारे थांबले, मग रडणारेही.
फक्त समोरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर
कुणाचा तरी कुकर शिट्टी घ्यायला लागला.
तीनशे माणसांनी वर पाहिलं.
खिडकीत एक हात दिसला, आत गेला.
आणि मग एकेक करत,
दुसऱ्या, तिसऱ्या, शेजारच्या जिन्यातल्या
सगळ्या शेगड्या विझल्या.
त्या दिवशी अख्ख्या गल्लीची डाळ कच्ची राहिली.

तेव्हा खालून, विटांच्या खूप खालून,
खोकला ऐकू आला.

मोंघीबेन आशर. वय एक्याऐंशी.
पाच तासांनी वर आल्या, धुळीनं पिठासारख्या पांढऱ्या.
आधी पदर सावरला,
मग पाणी मागितलं.
रिकव्हरीला साहेबांनी पुनर्प्राप्ती लिहिलंय.
मी समासात पेन्सिलीनं सावरणं लिहून ठेवलं.
खोडायला सोपं जावं म्हणून पेन्सिल.

एक शब्द मी साहेबांना विचारलाच नाही.
तात्पुरता निवारा.
सायनच्या ट्रान्झिट कॅम्पात माझा जन्म,
तिथूनच मी कॉलेजला गेले, तिथूनच सासरी.
बाबा प्रत्येक फॉर्मवर लिहीत, तात्पुरता पत्ता,
आणि पुढच्या रकान्यात, कायमचा पत्ता,
तोच पुन्हा.
शेवटी माझ्या लग्नाच्या पत्रिकेतही तोच छापला.

परवा मोंघीबेनना खोलीचं पत्र द्यायला गेले.
भाचीकडे होत्या, गॅलरीत.
शाबूत भागातल्या खिडकीतून कुणीतरी आणून दिलेलं
कढीपत्त्याचं रोप समोर,
डालड्याच्या डब्यात, एका बाजूनं करपलेलं.
पत्र उलटसुलट पाहिलं, चष्मा पुसला.
"किती दिवस राहायचं तिकडे, बेटा?
रोप नेऊ, का इथंच ठेवू?"

पत्रात मुदतीची जागा होती. शिक्का तिच्यावरच पडला होता.

न्या, म्हटलं.
फक्त कुंडी मोठी घ्या.