गोळ्यांची मोजणी

सहभागी क्रमांक शून्य त्र्याहत्तर.
घाटनांदूर, स्टेशनच्या अलीकडची गल्ली,
दारात तेलाच्या डब्यात लावलेला गवती चहा.
वय एकसष्ट. साखर अकरा वर्षांपासून.
नाव कागदावर लिहायचं नसतं,
म्हणून इथं लिहिते, तेही बदलून : सोजरबाई.

दर चौथ्या बुधवारी मी जाते
अंबाजोगाईहून, साडेआठच्या गाडीनं.
मांडीवर थंड पेटी, नळ्या वाजू नयेत म्हणून
माझ्याच जुन्या ओढणीत गुंडाळलेल्या.

प्रश्न सत्तेचाळीस.
मागच्या सात दिवसांत पायाला मुंग्या किती वेळा आल्या?
"आल्या म्हणजे जायला पायजेत की गं माय.
ह्यांनी बिऱ्हाड केलंय."
मी 'नेहमी'वर खूण करते.
जेवणाची वेळ किती दिवस चुकली?
"वेळ न्हाई चुकत. जेवण चुकतं कधीमधी."
त्याला चौकोन नाही.
आजारामुळं मन किती खचतं, एक ते पाच?
ती स्वतःच्या बोटांकडं बघत बसते,
मग मलाच विचारते,
"तुझी आई किती म्हणती?"

माझ्या आईला नऊ वर्षांपासून आहे.
मी तिला कधी विचारलेलं नाही.

मग गोळ्या मोजायच्या.
नेहमीची औषधं चालूच, वरून ही एक.
तीस द्यायच्या, दोन उरायला हव्यात.
सोजरबाईच्या डबीत दोनच उरतात. दर वेळी दोनच.
कधी एक सांडली नाही, कधी लग्नाच्या गडबडीत राहिली नाही.
सर म्हणतात, सगळे असे असते तर!
मला खटकायचं.
माझी स्वतःची व्हिटॅमिनची बाटली
सहा महिन्यांत अर्धी झालेली नाही.

पाचव्या भेटीला दाराला कडी.
शेजारच्या घरातून रहेमतबी आली, हात कोपरापर्यंत पिठाचे.
"दळण आणाय गेलीया. बसा."
आणि मी काहीच न विचारता,
"तुमची गोळी लई गुणाची हाय बघा म्याडम.
एक दिस तिला, एक दिस मला.
माझी अंधारी गेली की."

रहेमतबी. सदुसष्ट.
वय पासष्टच्या वर, म्हणून यादीतून
मीच काढली होती तिला, पेन्सिलनं, हलक्या हातानं.

डब्या दोन प्रकारच्या असतात.
एकीतल्या गोळीत औषध, दुसरीतल्या गोळीत काहीच नाही, नुसतं पीठ.
रंग तोच, आकार तोच.
कुणाला कोणती, मला ठाऊक नाही, सरांनाही नाही,
पाकीट कुठंतरी सीलबंद.
म्हणजे दोघींनी अर्धं अर्धं औषध घेतलं असेल,
नाहीतर अर्धं अर्धं पीठ.
पीठ वाटून घ्यायची त्यांना सवय आहे,
एकीचं सरलं की दुसरीच्या डब्यातून.

सोजरबाई आली. डोक्यावरचा डबा न उतरवताच
माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.
"सांगितलीस व्हय?"
"मग. चोरी हाय का."
मी पेन काढलं.
"काय लिहूलालीस?"
रकाना होता : नियमभंग. कारण एका ओळीत.
"दोघी मिळून आलो होतो नाव द्यायला.
हिला तू माघारी लावलीस.
आता हिच्यादेखत एकटीनं कसं गिळायचं, सांग."

मी लिहिलं. लिहावंच लागतं.
नंतर दुसऱ्या चिठ्ठीवर, मोठ्या अक्षरात, रहेमतबीसाठी :
सोमवारी ओपीडी, उपाशीपोटी, मी दारात असेन.
"मला काढतेत का आता?" सोजरबाईनं विचारलं.
माहीत नाही म्हणाले.
तिनं दळणाचा डबा उतरवला,
ओंजळभर ज्वारीचं पीठ रहेमतबीच्या परातीत टाकलं,
तोवर चहा उतू गेला होता. बिनसाखरेचा.

रात्री आईला फोन लावला.
विचारलं, एक ते पाच, किती?
ती बराच वेळ गप्प.
मागं कुकरची शिट्टी, कुणीतरी दार लोटलं.
"तीन लिही," म्हणाली.
"बरं दिसतं."